माघारीची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चळवळीच्या अभ्यासवर्गांत मोर्चा कसा बांधावा, ठराव कसा लिहावा, मागण्यांचे निवेदन कसे तयार करावे, सभा कशी चालवावी हे शिकविले जाते. लढा हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. वास्तविक ज्याने दहा-वीस वर्षे सार्वजनिक काम केले आहे, त्याच्या वहीत विजयाच्या तारखांपेक्षा पराजयाच्याच तारखा अधिक सापडतील. निवडणूक हरणे, संप फसणे, संघटनेत फूट पडणे, वर्षानुवर्षांचा सहकारी सोडून जाणे, घरात मृत्यू होणे आणि त्याच आठवड्यात सभेला उभे राहावे लागणे, हे काही अपवादात्मक प्रसंग नव्हेत. नेतृत्वाचा तो नित्याचा संसार आहे. म्हणून अपयशाचा विचारही संघटनेच्या इतर कामांइतक्याच शिस्तीने झाला पाहिजे.

या विषयावर बोलताना बहुधा धीर, चिकाटी आणि आशावाद यांचे गोडवे गायले जातात. ते खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. नेत्याचे खचलेले मन कसे सावरावे हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नव्हे. अपयश आले की वर्तमानपत्रांत नाव येते ते नेत्याचे. नोकरी मात्र जाते ती अनुयायाची, आणि घर रिकामे करावे लागते ते त्याच्या बायकामुलांना. निर्णय एकाने घ्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, असा हा व्यवहार आहे. म्हणून पहिला प्रश्न असा की, ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवून पाऊल उचलले आणि जे हरले, त्यांच्याविषयी नेत्याचे कर्तव्य काय? हे कर्तव्य जो पार पाडतो त्याचे मन कामाच्या ओघातच सावरण्याची शक्यता असते. जो ते टाळतो त्याला कोणताही आशावाद तारू शकत नाही.

वीस दिवसांचा संप

८ मे १९७४ रोजी देशातील रेल्वे कामगारांनी संप सुरू केला. कायम आणि हंगामी मिळून त्या वेळी रेल्वेत सुमारे १७ लाख कामगार होते. सार्वजनिक क्षेत्रातील इतर उद्योगांच्या बरोबरीने वेतन मिळावे, बोनस मिळावा, कामाचे तास आठ असावेत, हंगामी कामगारांना कायम करावे, या त्यांच्या मागण्या होत्या. इंजिनावर काम करणाऱ्या माणसाला सलग किती तास ड्यूटीवर ठेवले जात असे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मागण्यांत अवाजवी असे काहीच दिसणार नाही. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी लखनौ येथे अटक झाली. संप सुरू होण्यापूर्वीच सेनापती तुरुंगात गेला होता.

पुढे जे घडले ते स्वतंत्र भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासातील एक कठोर प्रकरण आहे. हजारो कामगार पकडले गेले, हजारोंना कामावरून काढण्यात आले. गाड्या चालविण्यासाठी टेरिटोरियल आर्मीची माणसे आणली गेली. रेल्वेच्या वसाहतींतून संपकऱ्यांची कुटुंबे सामानासुमानासह बाहेर काढली गेली. नवरा तुरुंगात किंवा फरारी, आणि बाई मुले घेऊन क्वार्टरच्या बाहेर मेच्या उन्हात, हे त्या वीस दिवसांचे चित्र होते. २७ मे रोजी कृती समितीने संप मागे घेण्याचा निर्णय केला आणि २८ मेच्या सकाळपासून तो अमलात आला. त्या दिवशी कामगारांच्या हाती एकही मागणी पडलेली नव्हती.

ही शरणागती होती असे त्या वेळीही म्हटले गेले. हा आरोप सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण बाहेर राहिलेल्या शूर माणसाला माघार नेहमीच अपमानास्पद वाटते. परंतु माघार जाहीर करणाऱ्यांनी एक गोष्ट केली, तिचे मोल ओळखले पाहिजे. संप संपला आहे आणि तो संघटनेने संपविला आहे, हे त्यांनी स्वतःच्या नावावर घेतले. त्यामुळे कोणाही गँगमनला, फायरमनला किंवा कारकुनाला आपण एकट्याने लढाई सोडली, आपण साथीदारांना दगा दिला, असे ओझे मनावर घेऊन कामावर जावे लागले नाही. जे गेले ते सारे एका निर्णयाने गेले. पराभव सर्वांचा झाला, पण फितुरी कोणाचीच झाली नाही. संघटना पुन्हा उभी राहण्यासाठी जे भांडवल लागते ते हेच होय.

माघार जाहीर झाली म्हणून हिशेब मिटला असे नव्हे. बडतर्फ झालेल्यांना परत घेण्याची मागणी उभीच राहिली. मध्यंतरी २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि संपाचे नेतेच नव्हे, तर विरोधी पक्षांचे बहुतेक नेते तुरुंगात गेले. १९७७ साली सरकार बदलले. आणीबाणीत स्वतः बंगलोरच्या तुरुंगात राहिलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि संपात काढून टाकलेल्या कामगारांना कामावर परत घेण्याचे काम त्यांनी केले. १९७९-८० या वर्षापासून रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनसही लागू झाला. ज्या मागणीसाठी १९७४ मध्ये माणसे तुरुंगात गेली, तिची पाच-सहा वर्षांनी अंशतः तरी पूर्तता झाली.

यातून ‘अखेर सत्याचा विजय होतोच’ असे स्वस्त तात्पर्य काढू नये. तीन वर्षे हा काळ भाषणात एका वाक्यात संपतो. घरात मात्र तो रोज मोजावा लागतो. या काळात कोणाची मुले शाळेतून निघाली असतील, कोणाच्या बायकोचे दागिने सावकाराकडे गेले असतील. तात्पर्य एवढेच की, हरलेल्या माणसांची यादी संघटनेने फेकून दिली नाही. यादी हरवली असती, तर मंत्री आपला असूनही त्याने कोणाला परत घ्यायचे होते?

जाहीर न झालेली माघार

याच्या शेजारी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप ठेवून पाहावा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वेतनवाढ आणि बोनस यांच्याबरोबरच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्धचा तो उठाव होता. या कायद्याने एका मान्यताप्राप्त संघटनेलाच बोलणी करण्याचा अधिकार दिला होता, आणि कामगारांचा विश्वास मात्र त्या संघटनेवर उरला नव्हता. महिन्यामागून महिने गेले. कामगार आपापल्या गावी, कोकणात आणि घाटावर, परतले. शेतीच्या आणि नातलगांच्या आधारावर त्यांनी तग धरला. इतका दीर्घ आणि इतका व्यापक निर्धार कामगारांच्या इतिहासात क्वचितच दिसला असेल.

हा संप कधीही औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. त्याच्या पराभवाचे खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होईल. मालकांना जुन्या गिरण्या चालविण्यात फारसे स्वारस्य उरले नव्हते. सरकारला या नेतृत्वाशी बोलणी करून त्याला मान्यता द्यायची नव्हती. सन्मानाने परतण्याचा दरवाजा समोरच्यांनीच बंद केला होता. हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. संघटनेने माघार जाहीर केली नाही, म्हणून ती प्रत्येक कामगाराला एकट्याने घ्यावी लागली. कोणी सहा महिन्यांनी गेला, कोणी वर्षाने, कोणी दीड वर्षाने. जो गेला तो चाळीत मान खाली घालून गेला. जो गेला नाही त्याची नोकरी गेली. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन भावांपैकी एक कामावर आणि दुसरा संपावर, अशी अवस्था आली की पराभव गिरणीच्या फाटकाशी थांबत नाही. तो घरात शिरतो. लाखाहून अधिक कामगार कायमचे कामाला मुकले आणि त्यांना एकत्र बसून आपले काय झाले हे बोलण्याचे ठिकाणही उरले नाही.

म्हणून ‘माघार घेणार नाही’ ही घोषणा देताना ती कोणाच्या जिवावर दिली जात आहे, हे नेत्याने स्वतःला विचारले पाहिजे. पडलो तरी नाक वर, ही वृत्ती एकट्या माणसाला कदाचित शोभेल. ज्याच्या मागे हजारो संसार उभे आहेत त्याला ती शोभत नाही. योग्य वेळी, उघडपणे आणि सर्वांच्या वतीने माघार घेणे हे लढा सुरू करण्याइतकेच नेतृत्वाचे काम आहे. किंबहुना त्याला अधिक धैर्य लागते. लढा सुरू करताना टाळ्या पडतात, माघार घेताना शिव्या.

मार्ग बदलण्याचे धैर्य

माघारीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात लढा केवळ थांबत नाही, त्याची दिशाच बदलते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे नेते आणि दादासाहेब गायकवाड त्याचे प्रत्यक्ष संघटक. हजारो स्त्री-पुरुषांनी लाठ्या आणि दगड खाल्ले, तुरुंगवास पत्करला. अधूनमधून खंड पडत तो वर्षानुवर्षे चालला. देवळाचे दार उघडले नाही.

रूढ अर्थाने हे अपयशच होते. १९३४ साली बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून आपली भूमिका कळविली. तिचा आशय असा होता की, मूर्तिपूजक होण्यासाठी किंवा मंदिर उघडल्याने सारे काही मिळेल म्हणून हा लढा सुरू केलेला नव्हता. दलितांमध्ये चेतना निर्माण व्हावी आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा त्याचा हेतू होता. तो साध्य झाला आहे. यापुढे शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी. या निर्णयाची बांधणी पाहण्यासारखी आहे. काय मिळाले नाही ते त्यात लपविलेले नाही. काय मिळाले ते नेमके सांगितले आहे. आणि मोकळी झालेली शक्ती कोठे लावायची हेही सांगितले आहे. या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे माघार ही पळ ठरत नाही.

२७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ज्या पत्नीने हालअपेष्टांत संसार सांभाळला, जिच्यासमवेत चार मुलांचे मृत्यू सोसले, ती गेली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. खाजगी दुःख आणि सार्वजनिक अपयश यांनी एकाच वेळी घेरलेल्या माणसाने जुन्या दारावर डोके आपटीत बसण्याचे नाकारले, असा त्याचा अर्थ आहे. आणि घोषणेनंतर घाई केली नाही, हेही ध्यानात घ्यावे. धर्मांतर झाले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, एकवीस वर्षांनी. मधल्या काळात १९५२ ची निवडणूक आणि १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, असे दोन पराभवही त्यांनी पाहिले. मतपेटीने दिलेला निकाल हा आपल्या कार्यावरचा अंतिम निकाल आहे, असे त्यांनी मानले नाही.

पराभवाचा अर्थ एकत्र बसून लावावा

समाजवादी चळवळीला सर्वांत महाग पडला तो १९५२ चा पराभव. काँग्रेसला पर्याय म्हणून पक्षाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अडीचशेहून अधिक लोकसभा मतदारसंघांत उमेदवार उभे केले. मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनशी सहकार्य होते. तरी उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात डॉ. आंबेडकर आणि अशोक मेहता हे दोघेही पडले. देशभरात पक्षाला दहा टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली, जागा मात्र १२. कम्युनिस्टांना सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मते आणि १६ जागा. म्हणजे मते सर्वत्र पातळ पसरली होती. बळ कोठेच साठले नव्हते. हा संघटनेचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर संघटनेत शोधता आले असते.

झाले वेगळेच. जयप्रकाश नारायण भूदानाकडे वळले आणि १९५४ साली त्यांनी सर्वोदयाला जीवनदान केले. अशोक मेहतांना मागासलेल्या अर्थव्यवस्थेत सत्ताधाऱ्यांशी सहकार्य अपरिहार्य वाटू लागले. पुढे ते नियोजन मंडळात आणि नंतर काँग्रेसमध्ये गेले. डॉ. राममनोहर लोहियांनी काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासून समान अंतर राखून उग्र संघर्षाचा मार्ग धरला आणि १९५५ अखेर पक्ष दुभंगला. तिघेही प्रामाणिक होते, तिघांच्याही विचारात तथ्य होते. परंतु एका पराभवाचे तीन अर्थ लावून तीन नेते तीन दिशांना गेले, आणि खेड्यातील कार्यकर्ता चौकात उभा राहिला. निवडणुकीने पक्षाला दुबळे केले होते; पण तो फुटला तो तिचा अर्थ एकत्र बसून न लावता आल्यामुळे. दहा टक्के मते देणारे मतदार त्या रात्री नाहीसे झाले नव्हते.

लोहियांच्या पुढील आयुष्यातील एक गोष्ट मात्र येथे नोंदविली पाहिजे. १९६२ साली फुलपूरला ते नेहरूंविरुद्ध उभे राहिले आणि अपेक्षेप्रमाणे हरले. पुढच्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले आणि त्यांनी सामान्य भारतीयाच्या रोजच्या तीन आण्यांच्या मिळकतीचा प्रश्न लोकसभेत उभा केला. ती मांडणी काही लोकसभेत जाऊन सुचलेली नव्हती. पराभवाच्या काळातही अभ्यास चालू होता, म्हणून संधी आली तेव्हा हातात काही होते.

नेत्याचे एकटेपण

नेत्याच्या मनाचा प्रश्न शेवटी घेतला, याचा अर्थ तो क्षुल्लक आहे असा नव्हे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषण करणारे साने गुरुजी ११ जून १९५० रोजी स्वतः जीवन संपवून गेले. त्यांच्या मनोव्यथेचे सोपे स्पष्टीकरण देण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि त्या अंताला त्यागाचे वलय देणेही योग्य नाही. पण हजारोंना धीर देणारा माणूस आतून किती थकला आहे याची चौकशी चळवळीत कोण करतो, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजही खरा आहे. कार्यकर्ते नेत्याकडे धीर मागायला जातात. त्याला झोप लागते का, घरी चूल पेटते का, औषधपाणी होते का, हे विचारायला कोणी जात नाही. नेत्यालाही आपण रडलो तर फळी कोसळेल अशी भीती वाटते. ही भीती खोटी आहे. ज्या फळीत एकमेकांचे दुःख बोलता येत नाही, ती फळी फार काळ टिकत नाही. म्हणून प्रत्येक प्रमुख कार्यकर्त्याला दोन-तीन तरी असे साथी असावेत, की ज्यांच्यापुढे त्याला नेता राहावे लागत नाही. गरज पडली तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही, आणि काही महिने पद सोडून विश्रांती घेण्यात पळपुटेपणा नाही. अट एकच: काम दुसऱ्याच्या हाती रीतसर सोपविलेले असावे.

दुसऱ्या दिवसाची कामे

तर मग हरल्याच्या दुसऱ्या दिवशी काय करावे? पहिल्या आठवड्यात सभा बोलवावी. मोठी नव्हे, पण उघड. हरलो आहोत हे साध्या शब्दांत सांगावे. ‘नैतिक विजय’ हा शब्द वापरू नये. ज्याची नोकरी गेली आहे त्याला तो झोंबतो. नाचता येईना अंगण वाकडे, असेही होऊ देऊ नये. पैसा, सरकार, वृत्तपत्रे विरोधात होती हे खरे असले तरी ती लढ्यापूर्वीही विरोधातच होती. आपल्या अंदाजात काय चुकले ते आधी सांगावे, समोरच्याचे दोष मागाहून.

त्याच आठवड्यात यादी करावी. कोणाची नोकरी गेली, कोणावर खटले आहेत, कोणाचा जामीन व्हायचा आहे, कोणाच्या मुलांची फी थकली आहे. यादीतील प्रत्येक नावापुढे एका कार्यकर्त्याचे नाव असावे. निधीचा हिशेब, पै-पैचा, न मागता मांडावा. पराभवानंतर संशय प्रथम पैशातून शिरतो.

महिन्याभरात कारणांची चौकशी करावी आणि ती लिहून काढावी. तीत विरोधी मत असलेल्यांना जागा असावी. सोडून गेलेल्याला गद्दार म्हणण्याची घाई करू नये. कित्येकदा तो केवळ थकलेला असतो आणि त्याची परतीची वाट शिव्यांनी बंद होते. त्यानंतर एखादे लहान, हाती लागण्याजोगे काम घ्यावे. वस्तीतला नळ, रेशनकार्डे, कंत्राटी कामगारांचा थकलेला भविष्य निर्वाह निधी, असे काहीही. लहान कामातील यशाने मोठे अपयश पुसले जात नाही, पण माणसे पुन्हा एका सतरंजीवर बसू लागतात.

आज कंत्राटी कामगारांची संख्या वाढली आहे. बडतर्फीचा हुकूमही न काढता माणूस दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर राहतो. अशा काळात लढे अधिक वेळा हरले जातील, आणि हरणाऱ्याची यादी ठेवणे अधिक कठीण होईल. म्हणूनच लढा सुरू करण्याच्या ठरावातच माघारीचा विचार लिहिलेला असावा: ती कोणी ठरवायची, कशी जाहीर करायची, आणि जे भरडले जातील त्यांचे काय करायचे. एवढे ठरविल्याशिवाय लोकांना रस्त्यावर बोलावण्याचा अधिकार कोणत्याही नेत्याला नाही. आणि एवढे ज्याने ठरविले आहे, त्याने हरण्याच्या भीतीने घरी बसण्याचेही कारण नाही.